मागल्या दरवाज्याचा नाईक

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या जपानी भाषा अभ्यास मंडळाचे संस्थापक आदरणीय आप्पासाहेब, व्यासपीठावरच्या प्रकाशिका हेमाताई, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते श्री. यज्ञेश्वर खांबेटे, त्यांना उद्या नागपूरला घेऊन जायला आलेला त्यांचा पुतण्या आमोद, मंडळाचे आजी-माजी विद्यार्थी, आमच्या भोसरीच्या कारखान्यातले सहकारी, आणि चहा कधी येतो याकडे डोळे लावून मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या समस्त पुणेकर बंधुभगिनींनो,

आधी एक छोटासा हिशेब मांडतो. हेमाताईंच्या समोर कागदांचा जो गठ्ठा आहे, तो खांबेट्यांच्या पुस्तकाच्या छपाईआधीच्या शेवटच्या पानांचा आहे. ‘कुमोहारा : एका डोंगरी किल्ल्याचा इतिहास’. सोमवारी तो छापायला जातोय. पुस्तकाच्या पाठीवर जी किंमत छापायची ती हेमाताई छापतील. खरी किंमत मी सांगतो. एकतीस वर्षं. या एकतीस वर्षांतल्या कामाच्या दिवसांची मधली सुट्टी, रोज अर्धा तास. चार चष्मे, दोन मोतीबिंदू. कोथरूडला घ्यायचं ठरवलेलं आणि न घेतलेलं घर. आणि एक जपानचं विमानाचं तिकीट, काढलेलं आणि रद्द केलेलं. या शेवटच्या बाबीकडे मी परत येणार आहे, कारण त्या विमानात मी होतो.

माझा परिचय आप्पासाहेबांनी ‘उद्योजक’ असा करून दिला. त्यांचा मोठेपणा. मी कसबा पेठेतल्या तांबट आळीतला मुलगा. आमच्या घरात दिवसभर तांब्यावर हातोडी चालायची. त्या ठोक्यांनी आमचे दादा पन्नाशीत ठार बहिरे झाले. ते बघून दहाव्या वर्षापासून मी कानात कापसाचे बोळे घालायला लागलो. सगळी आळी हसायची. ‘आले बघा, अत्तरवाले आले.’ हसू दे. त्या बोळ्यांनी माझे कान वाचले, आणि त्या कानांवर मी कारखाना उभा केला. कागदावरची मापं मला उशिरा कळायला लागली. मशीन आजारी पडलं की आवाजावरून मला आधी कळायचं. आणि एकदा ऐकलेला आवाज मी विसरत नाही. तिसऱ्या रांगेतल्या ताई, ‘हे आता अर्धा तास घेणार’ असं आपण शेजारणीला म्हणालात. पंधरा मिनिटं घेतो.

समोर आमचे धोंडिबा बसलेत, शॉपचे जुने सुपरवायझर. त्यांना विचारा. मी जपानात होतो आणि भोसरीत मोठी प्रेस खडखडायला लागली. धोंडिबांचा फोन. ‘मालक, लई खडखड करतिया. काय करू?’ मी म्हटलं, फोन प्रेसच्या पोटाशी धर. साडेसहा हजार किलोमीटरवरून ऐकलं आणि सांगितलं, मागचं बेअरिंग गेलंय, बदल. धोंडिबा, होतं का नव्हतं तेच? बघा, मान हलवतायत. ही गोष्ट आमच्या कारखान्यात नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात. टाळ्या वाजवल्यात, आभारी आहे. थोड्या शिल्लक ठेवल्या असत्या तरी चाललं असतं.

आता खांबेट्यांकडे येतो. १९९३ साली आम्हाला एका जपानी कंपनीचं पहिलं काम मिळालं. आराखडे सगळे जपानीत. पुण्यात तेव्हा जपानी येणारी माणसं बोटावर मोजण्यासारखी. त्यातलं एक बोट मंडळानं आमच्याकडे पाठवलं. पांढरा शर्ट, खिशात दोन पेन्सिली, तोंडात शब्द कमी. पहिल्याच आठवड्यात माझं नि त्यांचं वाजलं. खांबेट्यांची एक रीत होती. एखादा शब्द खात्रीनं कळला नाही, तर त्या जागी पेन्सिलीनं रिकामी चौकट काढायची. अंदाज लिहायचा नाही. तिकडून पत्रानं खुलासा आला, की मग चौकट भरायची. एका चौकटीपायी माझी प्रेस दोन दिवस बंद राहिली. मी तणतणत त्यांच्या टेबलाशी गेलो.

‘खांबेटे, अंदाजानं लिहा हो काहीतरी!’

‘अंदाज तुमचा तुम्ही लिहा, बापूराव. आणि खाली सहीसुद्धा तुमची करा.’

मान वर न करता. कसबा पेठेत अर्धं आयुष्य काढूनही मला इतकं स्वच्छ कुणी सुनावलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी खुलासा आला. मी अंदाजानं जे केलं असतं, त्यात चारशे नग भंगारात गेले असते. त्यानंतर त्यांच्या चौकटीला मी हात लावला नाही.

त्याच वर्षी त्या कंपनीचा एक इंजिनिअर आला. त्यानं मिठाईचं खोकं दिलं, आणि खोक्यात त्याच्या गावाची छोटी माहितीपत्रिका होती. मिठाई आम्ही खाल्ली. पत्रिका खांबेट्यांनी नेली. त्यात कुमोहाराच्या किल्ल्यावर आठ ओळी होत्या.

जपानी किल्ला म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचा पांढराशुभ्र, मजल्यावर मजले चढलेला वाडा येतो. कुमोहारा त्याच्याही आधीचा. तिथे दगड नाही, चुना नाही. डोंगराची सोंड तासून माच्या केलेल्या, सोंड आडवी कापून कोरडे खंदक काढलेले, वर लाकडी मेढेकोट. एक विहीर, दोन कोठारं, शे-दीडशेची शिबंदी. हे शब्द माझे नाहीत, खांबेट्यांचे. जपानी किल्ल्याला त्यांनी आपल्या गडांचे शब्द दिले. ऐंशी वर्षं तो किल्ला नांदला. चार किल्लेदार झाले. त्यातल्या एकानं खंदक वाढवले, एकानं करापायी गाव पिळलं, एक कविता करायचा. चौथ्याच्या वेळी, १५५२ सालच्या पावसाळ्यात, किल्ला पडला. आता तिथे झाडं आहेत आणि मातीचे उंचवटे.

लोक खांबेट्यांना म्हणायचे, ‘अहो, इथं हाकेच्या अंतरावर सिंहगड आहे. तुम्हाला जपानातलं मातेरं कशाला हवं?’ ते उत्तर द्यायचे नाहीत. मलाही पाच वर्षं दिलं नाही. मग एकदा मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो, तेव्हा त्यांनी मागोबेईची गोष्ट सांगितली.

किल्ल्याच्या पुढच्या दरवाज्यावर सत्तर माणसं होती. मागचा दरवाजा नदीच्या अंगाला, अवघड कड्यावर. तिकडून कोण येतंय, म्हणून तिथे फक्त अकरा. मागोबेई हा त्या अकरांचा नाईक. नदीला पूर होता. पहाटेच्या धुक्यात शत्रू घळीतून वर चढला आणि मेढेकोट कापून आत शिरला. अकरांपैकी दहा जण मेले. मागोबेई जिवंत राहिला. दफ्तरात त्याच्या नावावर एक ओळ आहे : ‘नाईकाने चाहूल ऐकली व हाक दिली नाही. दरवाजा विकला.’ देवळाच्या वहीतलं त्याचं नाव शाई फासून काळं केलं. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, असं गावानं ठरवलं. आणि तो गाव सोडून गेला नाही. त्याच डोंगराच्या पायथ्याशी कोळसा पाडत बावीस वर्षं राहिला. बावीस वर्षं, मंडळी. ‘पाऊस येईलसं दिसतंय’ एवढंही त्याला कुणी म्हटलं नाही.

त्याचा एक अर्ज शिल्लक आहे. त्यात एवढंच आहे : ‘मला नदीशिवाय काही ऐकू आले नाही.’

तिकडच्या अभ्यासकांनी तो अर्ज निकालात काढला होता. म्हणे, नदी इतकी खाली आहे की दरवाज्यापर्यंत तिचा आवाज पोचणारच नाही. म्हणजे माणूस खोटारडा. खांबेट्यांचा प्रश्न साधा होता. कुणी वर जाऊन ऐकलंय का? त्यांनी त्या गावाला तीन पत्रं पाठवली. तिन्हींना नम्र उत्तरं आली. वाट झाडीत बुजली आहे, गावात म्हातारी माणसं उरली आहेत, क्षमस्व. खांबेटे म्हणायचे, ‘साध्या दिवशी जरी तिथे नदी ऐकू येत असेल, तर पुरात तिनं पावलांचा आवाज गिळलाच असणार. मग तो खरं बोलत होता.’ त्यांच्या सबंध हस्तलिखितात सगळ्या चौकटी भरत आल्या होत्या. एक राहिली होती. नदी ऐकू येते का?

घरी त्यांच्या थोरल्या भगिनी वेणूबाई. त्या घरात राहायला भाऊ-बहीण दोघंच. खांबेट्यांनी लग्न केलं नाही, का ते मी विचारलं नाही. वेणूबाई पानं वाढताना म्हणायच्या, ‘यज्ञा, तुझ्या मागोबाचं पान घेऊ का? रोज येतो, एकदा जेवून तरी जाऊ दे.’ मी कधी गेलो की मला म्हणायच्या, ‘याच्याशी बोला हो जरा. माझ्याशी बोलतो ते पण त्या नाइकाचंच.’ हसत म्हणायच्या. त्या घरात दुसरा आवाज नव्हता, हे मला तेव्हाही ऐकू आलं होतं.

२००९ साली जपानी कंपनीनं आम्हा दोघांना बोलावलं. खांबेटे एकोणसाठ वर्षांचे. पासपोर्ट पहिल्यांदा काढला. आणि त्यांच्या घाईला कारण होतं. त्या नदीवर वरच्या अंगाला धरण बांधायला घेतलं होतं. दोन वर्षांत पाणी अडलं, की खाली धार उरणार होती. नदी ऐकायची ती आत्ताच. निघायला नऊ दिवस असताना वेणूबाईंना अर्धांगाचा झटका आला. खांबेट्यांनी तिकीट रद्द केलं आणि मला एक कागद लिहून दिला. कोणती गाडी, कोणती बस, कोणत्या थांब्यावर उतरायचं. वाट कुठून धरायची. तिसऱ्या खंदकानंतर डावीकडे, जिथे जमिनीत दोन खळगे आहेत, तो मागला दरवाजा. तिथे नदीकडे तोंड करून उभं राहायचं, डोळे मिटायचे, शंभर आकडे मोजायचे आणि ऐकायचं. खाली लिहिलं होतं : ‘बापूराव, तुमच्या कानांवर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.’

पुस्तकात पान एकशे बारावर दोन वाक्यं आहेत. हेमाताईंनी मला वाचायला दिलं म्हणून गेल्या आठवड्यात कळलं. वाचून दाखवतो. ‘ऑक्टोबर २००९मध्ये एका विश्वासू आणि तीक्ष्ण कानाच्या साक्षीदाराने मागल्या दरवाज्याच्या जागी उभे राहून नदीचा आवाज स्पष्ट ऐकला. सबब मागोबेईवरील आरोप टिकत नाही.’

आप्पासाहेब, आपण घड्याळाकडे पाहिलंत. दोन मिनिटं द्या.

मंडळी, तो साक्षीदार मी. आणि मी वर गेलो नाही.

शांत बसा, काही झालेलं नाही. म्हणजे, झालेलं आहे, पण ते पंधरा वर्षांपूर्वी. रविवारी साडेअकराला त्या थांब्यावर मी उतरलो. समोर डोंगर. वाट दिसत होती, खांबेट्यांनी लिहिली होती तशीच. थांब्याला लागून एक चहाची टपरीवजा जागा होती. म्हटलं घोटभर घेऊ आणि चढू. तेवढ्यात धोंडिबांचा फोन आला. हो, तोच फोन. प्रेसचा. कान लावून बसलो. इकडे धर, तिकडे धर, आता बंद कर, आता चालू कर. सव्वा तास गेला. बेअरिंग सापडलं. मी खूश. घड्याळात बघितलं तर पावणेएक, आणि परतीची बस एक चाळीसला. त्यानंतरची थेट संध्याकाळी, आणि संध्याकाळी कंपनीच्या साहेबांकडे जेवण. चढायला तास लागतो. उशिरा येतो म्हणून साहेबांना कळवता आलं असतं. मी बसमध्ये बसलो. मनाशी म्हटलं, खांबेट्यांना सांगू, नाही जमलं.

आठवड्यानं परत आलो, त्या सोमवारी खांबेटे कारखान्याच्या दारात उभे होते. डोक्यावरचे केस काढलेले. वेणूबाई जाऊन तेरा दिवस झाले होते. मला परदेशात कुणी कळवायचं नाही, असं त्यांनीच बजावलं होतं. हातात वही. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, ‘काय ऐकलंत?’

मी म्हटलं, ‘येतो. नदीचा आवाज येतो. अगदी स्पष्ट.’

ते तिथेच, दारात उभ्या उभ्या, वही भिंतीला टेकवून लिहायला लागले. मग माझ्याबरोबर कँटीनमध्ये आले आणि जेवले. धोंडिबा मला म्हणाले, ‘मालक, सरांनी तेरा दिवसांत आज भाकरीला हात लावला.’ त्यानंतर मी तोंड कसं उघडणार? आज उघडू, उद्या उघडू, करत करत पंधरा वर्षं गेली. खांबेटे रोज त्या घरात एकटे जायचे आणि माझी एक थाप सोबतीला घेऊन बसायचे. मला वाटायचं, राहू दे. चारशे सत्तर वर्षांपूर्वीचा तो नाईक. त्याचं काय बिघडलं? उलट निर्दोष सुटला.

पण गेल्या आठवड्यात ‘विश्वासू’ हा शब्द छापील अक्षरात वाचला. जो माणूस अंदाज लिहीत नाही, त्याच्या पुस्तकात माझा अंदाज त्याच्या सहीनं चाललाय. आणि उद्याच्या गाडीनं ते जातायत. घराची किल्ली दिलेली आहे. पुस्तकांची चौदा खोकी पुढे गेलीत. नागपूरला त्यांना आमोद आहे, सूनबाई आहेत, ते त्यांचं करतील, उत्तम करतील. पण मधल्या सुट्टीत मागोबेई म्हणजे कोण, हे ज्याला सांगावं लागत नाही असं माणूस तिथे नाही. असं माणूस आख्ख्या जगात मी एकटाच. आणि मी असा.

आता कुणी तरुण म्हणेल, काका, अजून जाऊन ऐकता येईल की. येणार नाही. धरण २०११ला भरलं. खाली धार उरली आहे. ती नदी ऐकू शकणारा शेवटचा माणूस त्या दिवशी चहा पीत होता. मागोबेई खरं बोलला की खोटं, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.

आमोद, तू उठू नकोस, बस. तुझे काका ठीक आहेत. मी त्यांच्याकडेच बघतोय. हेमाताई, ते काय मागतायत? पेन्सिल. द्या, द्या. पान एकशे बारा. त्यांनी वाक्य खोडलं, मंडळी, दोन्ही वाक्यं. आणि त्या जागी चौकट काढतायत. पट्टी न घेता, अगदी सरळ. हेमाताई, तेवढी तशीच छापा. सोमवारचा मंगळवार झाला तर त्याचा भार माझ्यावर.

समारोप करतो. या कार्यक्रमाची उस्तवार करणाऱ्या मंडळाच्या कार्यकर्त्यांचे, सभागृह देणाऱ्यांचे, आणि मागे कपबश्या वाजवत असूनही थांबून राहिलेल्या चहावाल्यांचे मनापासून आभार. अशा भाषणाच्या शेवटी वक्ते काही कमी-जास्त बोललं गेलं असेल तर पोटात घाला असं म्हणतात. माझं कमी-जास्त काय ते मी सांगून बसलोय. ते पोटात घालायचं की नाही, हे श्रोत्यांनी ठरवायचं नाही. खांबेट्यांनी ठरवायचं, आणि त्यांना घाई नाही. मागोबेईची क्षमा कुणाकडे मागायची, ते मला माहीत नाही.

काय म्हणालात, खांबेटे? माइक घ्या. नको? बरं, मी सांगतो मंडळींना. ते विचारतायत, ‘वर गेला नाहीत, ठीक. खाली, थांब्यापाशी, काय ऐकू येत होतं?’

लिहून घ्यायला पेन्सिल धरून बसलेत.

नदी थांब्यापासून दहा पावलांवर होती, खांबेटे. मी सव्वा तास तिच्या काठाला बसलो होतो. तिचा आवाज कसा होता, ते मला आठवत नाही.